भात इथे, रस्सा तिथे

तुमच्या स्वयंपाकघरात, सगळ्या भांड्यांच्या खाली दबलेलं, असं एखादं भांडं आहे का, जे फेकवतही नाही आणि वापरवतही नाही? असेल तर कधीतरी वाकून बघा. त्यालाही माझ्यासारखं काही सांगायचं असेल.

मी कप्प्यांची थाळी बोलतेय.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलचा एक सपाट पत्रा यंत्राखाली सरकला, वरून धाडकन दाब बसला आणि मी झाले. पुढे एक मोठा कप्पा, मागे दोन मध्यम, आणि कोपऱ्यात एक अगदी छोटा गोल कप्पा. शेजारच्या यंत्रातून साधी गोल ताटं निघत होती. ती चकचकीत, मोकळीढाकळी. आम्ही त्यांच्यापुढे जरा शिष्टच दिसत असू. एवढ्या भिंती घेऊन कोण जन्माला येतं!

आमचा गठ्ठा एका छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेला. शाईचा वास, यंत्रांची धडधड, आणि जेवणाची सुट्टी झाली की दारापर्यंत लांबलेली रांग. रांगेच्या टोकाला, मोठ्या पातेल्यांमागे, उभी असायची ती. तेव्हा तिला सगळे मावशी म्हणत. आता ती आजी आहे. माझी गोष्ट म्हणजे खरं तर तिच्या उजव्या हाताची गोष्ट.

सुरुवातीला मावशी नियमाप्रमाणे वाढायची. मोठ्या कप्प्यात भात, मागच्या एकात भाजी, दुसऱ्यात रस्सा. पण रश्श्याचा कप्पा उथळ होता. थाळी घेऊन माणूस गर्दीतून बाकापर्यंत पोचेतो निम्मा रस्सा अंगठ्यावर आणि उरलेला सदऱ्यावर. एकदा तर नुकत्याच छापून आलेल्या कागदांवर सांडला आणि मोठा आरडाओरडा झाला. तेव्हापासून मावशीने स्वतःची पद्धत काढली. एका डावाने भात, त्याच डावाच्या पाठीने भातात खळगा, आणि खळग्यात रस्सा. एकाच झोक्यात. भात रस्सा धरून ठेवायचा, सांडायचं नाव नाही. पुढे पुढे तिला थाळीकडे बघावंही लागेना. ती रांगेतल्या माणसाशी बोलायची, "काय हो, मुलगी बरी आहे का आता?" आणि हात आपला खळगा करून मोकळा व्हायचा.

माझे रिकामे राहिलेले कप्पे मग माणसं आपल्या मनाने वापरू लागली. कोणी मिठाची चिमूट ठेवी, कोणी लिंबाची बी. एक गृहस्थ छोट्या गोल कप्प्यात घड्याळ काढून ठेवायचे आणि जेवताना सारखे त्याच्याकडे बघायचे. माणूस घाईत असला की घासाकडे बघत नाही, हे मी तिथेच शिकले.

छापखाना बंद पडला. कॅन्टीनचं सामान वाटलं गेलं तेव्हा मावशीने आठवण म्हणून मला मागून घेतलं. घरी आणलं, धुतलं, पुसलं आणि ठेवून दिलं. बाकीची ताटं गोल होती. सगळ्यांची थप्पी सुरेख बसे, मी मात्र कुणावरच नीट बसत नसे. म्हणून मी तळाशी. कधी माझ्यावर बटाट्याची सालं पडत, कधी मी भिजवलेल्या धान्यावर झाकण म्हणून बसे. तक्रार कशी करणार? भांड्याला वापरलं गेलं की पुरे असतं. पण माझ्या भिंतींचा कोणालाच उपयोग नाही, हे मात्र मनाला लागायचं.

मग या घरात मुंगी आली.

ही आजीची नात. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण भाताचं एकेक शीत उचलून खाते म्हणून बाबांनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. मुंगीला खायला आवडत नव्हतं असं मुळीच नाही. तिला भात आवडे, वाटाणे आवडत, बटाटा आवडे, रस्सासुद्धा वाटीतून पिताना आवडे. फक्त त्यांनी एकमेकांना हात लावायचा नाही, एवढंच. गोल ताटात हे जमणार कसं? वाटाणा घरंगळत भातापाशी जायचा. रश्श्याची धार बटाट्याला गाठायची. मग मुंगी चमचा खाली ठेवायची.

"ह्याला त्याचं लागलं."

"लागू दे की," बाबा म्हणायचे. "अगं, पोटात जाऊन सगळं एकच होतं."

"पोटात मला दिसत नाही," मुंगी म्हणायची.

यावर बाबा हसत आणि म्हणत, "ही मोठी झाली की दोन देशांच्या सीमेवर नोकरीला लावू. माशी इकडची तिकडे जाणार नाही."

आई मात्र हसत नसे. मुंगीच्या चपलेचा पट्टा सैल झालाय, पोर वाळत चाललीय, हे तिने पाहिलं होतं. आणि आजी? आजी ताट मागे ओढायची, आणि ते बघायला मला फार वाईट वाटायचं. एकदा तिने सुनेला म्हटलं, "एवढ्या माणसांना वाढलं गं मी. कोणी कधी ताट मागे सारलं नाही. आणि घरचं हे एवढंसं पोर माझ्या हातचं खात नाही."

"तुमच्या हातचं नाही हो आई, मिसळलेलं खात नाही ती," आई म्हणाली.

"तेच ते," आजी म्हणाली.

एका सकाळी आजी बटाटे सोलत होती आणि सालं माझ्यावर पडत होती. मुंगी शेजारी येऊन उकिडवी बसली. तिने सालं बाजूला केली आणि माझ्या भिंतीवरून बोट फिरवलं. एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

"आजी, हे कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही."

"मग माझं," मुंगी म्हणाली आणि मला सालांसकट उचलून नळाखाली घेऊन गेली.

त्या दिवसापासून मी टेबलावर आले. मोठ्या कप्प्यात भात, एकीकडे वाटाणे, दुसरीकडे रस्सा. गोल कप्पा रिकामा ठेवायचा, कारण "तो कोणाचा ते अजून ठरलं नाही." मुंगी जेवू लागली. सावकाश, पण थाळी रिकामी होईपर्यंत. मी इतकी वर्षं ज्या भिंतींची लाज बाळगली, त्याच भिंतींना टेकून एक पोर निवांत जेवत होतं. मला काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

फक्त एक गोष्ट खटकत होती. मुंगीने नियम केला होता, की माझ्यात आईनेच वाढायचं. आजीने डाव उचलला की ती थाळीवर दोन्ही हात पसरायची. "आजी नको. आजी ओतते." आजी डाव पुन्हा पातेल्यात ठेवायची. पदराला हात पुसायची, हात कोरडा असला तरी.

मग ती संध्याकाळ आली. आई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्या दिवशी दुकानात मालाची मोजणी होती, तिला उशीर होणार होता. आजीने मुंगीची समजूत घातली.

"आज मी वाढू? अगदी वेगळं वेगळं वाढीन. शप्पथ."

मुंगीने बराच विचार केला. मग थाळीवरचे हात काढून घेतले.

आजीने एका कप्प्यात वाटाणे वाढले, एकेक मोजल्यासारखे. मोठ्या कप्प्यात भात वाढला. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "अगं आई, दुधाखालचा गॅस बंद केलास का?" आजीने मान वळवली. "केला रे मघाशीच," असं म्हणेपर्यंत हाताने आपलं काम केलं होतं. डावाच्या पाठीने खळगा, आणि खळग्यात रस्सा.

मुंगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवरून उतरली आणि टेबलाखाली जाऊन बसली.

"आजीने मुद्दाम केलं."

"नाही गं बाळा..."

"शप्पथ म्हणालीस आणि मुद्दाम केलंस."

"अगं कडेकडेचा भात खा ना, तो कोरडा आहे," बाबांनी खाली वाकून सांगून पाहिलं. मुंगी आणखी आत सरकली.

त्यानंतर मुंगीने कोणालाच वाढू दिलं नाही, आईलाही नाही. हातात कोरडा पाव आणि केळं घेऊन ती खिडकीपाशी बसून खायची. आणि आजीने डाव खुंटीला टांगला. "आपापलं वाढून घ्या," एवढंच म्हणाली. मग बाबा टीव्हीसमोर जेवू लागले, आई ओट्यापाशी उभ्या उभ्या, आजी सगळ्यांचं झाल्यावर, एकटी. मी घासलेल्या भांड्यांत उपडी पडून हे बघत होते. भिंती माझ्यात हव्या होत्या. त्या घरात उभ्या राहिल्या. एक घर, आणि प्रत्येकजण आपल्या कप्प्यात.

एका दुपारी सगळं शांत असताना आजी स्वयंपाकघरात आली. मुंगी झोपली आहे असं तिला वाटत होतं. तिने मला ओट्यावर ठेवलं, मोठ्या कप्प्यात सकाळचा उरलेला भात घातला आणि एका भांड्यात साधं पाणी घेतलं. खुंटीवरचा डाव काढला. पाण्याने भरला. रश्श्याच्या कप्प्यावर नेला. हात तिथे थांबेना. सरळ भातावर गेला आणि खळगा करून बसला.

"छे," आजी म्हणाली. पुन्हा डाव भरला. पुन्हा तेच.

"आजी, काय करतेस?"

मुंगी दारात उभी होती, डोळे झोपाळलेले.

आजी दचकली. मग खरं तेच बोलली. "हाताला शिकवतेय गं. इतकी वर्षं एकच काम केलं ना त्याने, आता ऐकतच नाही माझं."

मुंगी जवळ आली. आजीचा हात उलटसुलट करून तिने नीट पाहिला.

"तो मुद्दाम करत नाही?"

"नाही. मी बोलण्यात असले की तो आपला जातो."

मुंगी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "माझा अंगठापण तसाच जातो तोंडात. मी नाही नेत. तोच जातो."

"हो ना? मग तुला कळतंय बघ."

"आई म्हणते, मोठी झालीस, सोड आता. पण त्याला कळत नाही."

आजीने डाव खाली ठेवला आणि तो ओला अंगठा आपल्या मुठीत धरला. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींचे हट्टी हात धरून. मग मुंगी स्टूल ओढून वर चढली. तिने एक वाटी उचलली आणि माझ्या मोठ्या कप्प्यातल्या भातावर उपडी घातली.

"आता ये म्हणावं हाताला."

त्या संध्याकाळी आजीने सगळ्यांना हाक मारली. "टीव्ही बंद करा आणि टेबलावर या. मी वाढणार आहे." आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. दोघे निमूटपणे येऊन बसले. मुंगी आपल्या खुर्चीवर बसली. भातावर वाटी उपडी होती. वाटाणे आपल्या जागी होते.

आजीने डाव भरला. या वेळी ती कोणाशी बोलली नाही. हात निघाला, आणि सवयीने भाताकडेच वळला. वाटीच्या वर येऊन तो थांबला. डावातून एक थेंब सुटला आणि वाटीच्या पाठीवर पडला. टप.

मुंगीने वाकून पाहिलं.

"वाटीला लागलं," ती म्हणाली. "भाताला नाही लागलं. चालेल."

आजीचा हात हळूहळू बाजूला सरकला आणि रस्सा त्याच्या कप्प्यात उतरला. काठोकाठ भरला, पण सांडला नाही. सांडणार कसा? छापखान्यात माणसं मला घेऊन गर्दीतून चालत जायची. इथे कोणालाच उठून कुठे जायचं नव्हतं.

"आई, मलापण जरा वाढ ना, माझं ताट रिकामंच आहे," बाबा म्हणाले.

"वाढते की. तुला कसं, वेगळं की एकत्र?"

"ओत वरून. तुझ्या हातचा खळगा किती दिवसांत नाही मिळाला."

"ई," मुंगी म्हणाली, आणि मजेत वाटाणे खाऊ लागली.

आता मी रोज टेबलावर असते. माझी चकाकी गेली आहे, एका कडेला पोचा आला आहे, आणि मोठ्या कप्प्याच्या तळाला डावाच्या पाठीचे जुने ओरखडे आहेत. उपडी वाटी अजूनही लागते, कारण हात काही एका दिवसात शिकत नाहीत. तुमच्या घरात एखादं मूल ताट मागे सारत असेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांनी ताटात बघा. आणि वाढणाऱ्या हातावरही लगेच रागावू नका. तो कोणत्या रांगेपुढे उभा राहून आलाय, ते आपल्याला ठाऊक नसतं.

आणि हो, त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीने मला स्वतःच खाली काढलं, एका कप्प्यात पाव ठेवला, दुसऱ्यात उकडलेलं अंडं ठेवलं, आणि तो रिकामा गोल कप्पा आजीपुढे करून म्हणाली, "हा तुझा." आजीने त्यात केळ्याची एक चकती ठेवली. मुंगीने ती सगळ्यात आधी खाल्ली.