अळणी घास

डॉक्टर नारायणराव तांबूच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ते सोलापुरातल्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. दिवसभर बैलांचे खूर आणि म्हशींची कासं तपासणारा माणूस. बाहेर गाडीवाले खोळंबले होते, आणि हे गृहस्थ आमच्या तांबड्या गावठी कुत्र्याच्या बरगड्यांवर डोळे मिटून बसले होते.

"हृदय थकलंय याचं," शेवटी ते म्हणाले. "रक्त पुढं ढकलायचं काम नीट होत नाही. त्यामुळं फुप्फुसात आणि पोटात पाणी साठतंय. ढास त्याचीच. बरं होणारं दुखणं नव्हे हे. पण सांभाळलंत तर काही महिने सुखात जातील."

"सांभाळायचं म्हणजे काय करायचं?" माझ्या बायकोनं, दुर्गानं, विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ डिजिटालिसचे थेंब. धावपळ बंद. आणि मीठ पूर्ण बंद. मीठ पोटात गेलं की पाणी धरलंच म्हणून समजा."

मला हायसं वाटलं. कुत्र्याचं मीठ बंद करायला असं काय लागतं? दुर्गाच्या चेहऱ्यावर मात्र चिंता दिसली, कारण तांबूला जेवू घालणं काय असतं ते तिला ठाऊक होतं.

तांबू आमच्या मालतीनं, म्हणजे लेकीनं, आणलेला. त्या साली गावात भटक्या कुत्र्यांना विषाचे गोळे टाकत होते. त्याची आई आणि भावंडं गटारीकडेला मरून पडली होती आणि हा एकटा त्यांच्यात बसून होता. पुढं मालती लग्न होऊन अक्कलकोटला गेली आणि तांबू दुर्गाकडं राहिला. पण लहानपणी जे पाहिलं ते तो विसरला नाही. दुर्गानं आधी खाल्ल्याशिवाय तो अन्नाला तोंड लावत नसे. तिनं एक घास घ्यायचा, मग त्यानं एक. त्यातही तो तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. एकदा तिची दाढ ठणकत होती. घास चावताना तिचा चेहरा आक्रसला, तर हा पठ्ठ्या दिवसभर उपाशी राहिला. यासाठी दुर्गानं आपलं ताट स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत नेलं होतं. आम्हा ब्राह्मणांच्या घरात हे शोभणारं नव्हतं. मी पुष्कळ कुरकुर केली, तिनं पुष्कळ ऐकून घेतली, आणि ताट पडवीतच राहिलं.

भाकरीत मीठ नसतंच. पण कोरडी भाकरी त्याला गिळवेना आणि दुधाला तो तोंड लावत नसे. वरणात कुस्करूनच द्यावी लागे. पहिल्या दिवशी दुर्गानं अळणी वरणाचा घास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. तांबूनं लगेच मान फिरवली. तिनं पुन्हा घास घेतला, ओढूनताणून हसली. ते हसू माझ्यासारख्या कारकुनालाही खोटं वाटलं, तिथं तांबूची काय कथा!

"जिभेला मीठ आठवतंय तोवर हे असंच व्हायचं," ती म्हणाली. "मी मीठ सोडते. जीभ विसरली की घास गोड लागेल."

"कुत्र्यासाठी?"

"तुमच्यासाठी सोडायची वेळ आली नाही, हे तुमचं नशीब समजा."

आणि तिनं सोडलं. पापड, लोणचं, चटणी, सगळं. मी आत बसून आंब्याचं लोणचं चाखत असे आणि बाहेर ती अळणी वरणभाकरी खात असे. हळूहळू ती इतक्या चवीनं खायला लागली की मला आपल्या ताटात काहीतरी कमी आहे असं वाटायचं. तांबू तिचं तोंड पारखून घेई आणि मग आपला घास उचले. पोटाची सूज ओसरली. ढास कमी झाली. मला बायकोचं कौतुक वाटे, आणि खरं सांगायचं तर तिच्या निश्चयाची जरा भीतीही वाटे.

कौतुक तांबूचंही. पूर्वी भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी आली की हा तीरासारखा सुटायचा. आता अर्ध्या वाटेवर धाप लागे. मग तिथंच बसकण मारायचा आणि त्याच जागी आपलं काही काम निघाल्यासारखा इकडंतिकडं बघायचा. दम परतला की उठून उरलेली वाट चालायची. भाजीवालीही थांबून राही. एवढा आब राखून बसणारा एकही अधिकारी मी आमच्या कचेरीत पाहिला नाही.

एकदाच घोटाळा झाला. शेजारच्या घरी दुर्गानं बोलण्याच्या नादात पापडाचा तुकडा तोंडात टाकला. संध्याकाळी अळणी घासाला तिचं तोंड पुन्हा वाकडं झालं, आणि तांबूनं अन्न सोडलं. अन्नावाचून औषधाचे थेंबही पोटात ठरेनात. दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायला उठला आणि तिथंच कोसळला. जीभ निळसर पडलेली. दुर्गानं त्याची छाती चोळली, नावानं हाका मारल्या, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. आता असं पुन्हा झालं तर तो वाचायचा नाही, हे आम्हा दोघांना कुणी सांगायला नको होतं.

पण साल होतं एकोणीसशे तीस. त्या उन्हाळ्यात देशभर मिठावरून सत्याग्रह पेटला होता. सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि उठला. त्या दिवसांत घरातली एकुलती एक खादीची टोपी मी स्वतःच्या हातानं चुलीत घातली होती. मी सरकारी नोकर, आणि स्वभावानं भित्रा. अशा वर्षी सरकारी कारकुनाच्या बायकोनं मीठ सोडलं होतं, आणि त्याचा दुसराही अर्थ निघेल हे मला सुचलंसुद्धा नाही.

श्रावणात आमचे शिरस्तेदार वेणीमाधवराव यांच्या नातवाचं बारसं झालं. कचेरीतल्या सगळ्यांच्या बायका पंगतीला. वाढायला शिरस्तेदारांची थोरली सून प्रेमला. पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात. प्रेमला मीठ घेऊन दुर्गापाशी आली, तर हिनं पानावर आडवा हात धरला.

"मला मीठ नको."

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. त्या वर्षी, त्या घरात, मीठ नको! घरी कुत्र्याबरोबर घासाला घास जेवते म्हणून नको, हे दुर्गा कुठल्या तोंडानं सांगणार? तिला पंगतीतून उठवलं असतं. ती मान खाली घालून गप्प बसली. त्या गप्प बसण्यात बायकांना भलतंच तेज दिसलं. पलीकडच्या पानावर हात आडवा झाला. मग त्याच्या पलीकडच्या. प्रेमला मीठ घेऊन पंगतीच्या टोकापर्यंत गेली आणि तसंच परत घेऊन आली. आता भाजीत मीठ होतं, वरणात होतं, आणि ते सगळ्याजणी मिटक्या मारत जेवल्या. पानाच्या डोक्यावरचं तेवढं सरकारी ठरलं. फक्त दुर्गा तूपभात आणि पुरण खाऊन उठली.

चार दिवसांत आमच्या गल्लीत मीठवाल्याची पाटी कुणी उतरवून घेईना. शेजारची गंगम्मा दारात येऊन दुर्गाच्या पायाच पडली. "वैनी, तुमी लई मोठं काम केलाव की! आमी बी सोडलो." दुर्गानं तिला सगळं खरं सांगितलं. गंगम्मानं डोळे मिचकावले. "व्हय व्हय. सायबाच्या मानसाला असंच सांगावं लागतंय. मला कळतंय की!"

मग वेणीमाधवरावांनी मला आत बोलावलं. माणूस करडा, पण आतल्या गाठीचा नव्हे. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कुत्र्याचं पथ्य? चिंतामणराव, माझ्या घरात ही गोष्ट घडली. साहेब मला विचारतोय. आणि तुम्ही माझी थट्टा करताय?"

"रावसाहेब, देवाशपथ खरं आहे."

"मग सोपं आहे. उद्या संध्याकाळी मी तुमच्याकडं येतो. वहिनींनी दार उघडं ठेवून, गल्लीदेखत, मीठ घालून जेवावं. अफवा होती असं मी साहेबाला सांगेन. नाहीतर तुमच्या नोकरीची हमी मला देता येणार नाही." परक्या बाईला जेवताना बघायला जायचं, याची त्यांनाच लाज वाटत असावी, कारण हे बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते.

मी घरी येऊन सांगितलं. दुर्गा तांबूचा कान कुरवाळत होती. तिचा हात थांबला.

"नोकरी गेली तर आपण खायचं काय?" ती म्हणाली. "मालतीच्या सासरी तोंड कसं दाखवायचं? खाते मी मीठ."

"आणि हा?"

तिनं पदर तोंडाला लावला. तांबूला वाटलं, काहीतरी खातेय. तो जवळ सरकून तिच्या तोंडाकडं बघायला लागला, आणि मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेणीमाधवराव पगडी घालून आले. मी पाट मांडला. मागच्या दारी गंगम्मा आणि गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. दुर्गानं पडवीत ताट घेतलं. एका बाजूला अळणी वरणभाकरीची वाटी, एका बाजूला मीठ. तांबू पायरीवर, पुढचे पाय फाकवून, पोट सावरत बसलेला. सकाळपासून तो नीट जेवला नव्हता, कारण दुर्गाच्याच घशाखाली काही उतरलं नव्हतं.

तिनं वाटीतली थोडी वरणभाकरी ताटात काढून तीत मीठ कालवलं. घास उचलला. तांबूनं मान वर केली. त्याची धाप आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. दुर्गाचा हात तोंडापाशी गेला आणि मी पुढं होऊन तिचं मनगट धरलं.

"ठेव खाली," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "नोकरीचं बघू. होटगीच्या स्टेशनावर हमाली करीन. ठेव तो घास."

कचेरीत रावसाहेबांपुढं माझी मान कधी वर झाली नव्हती. त्या दिवशी झाली. मला अजून त्याचं नवल वाटतं.

वेणीमाधवराव पाटावरच पुढं सरकले. त्यांनी तांबूकडं पाहिलं, मग अळणी वाटीकडं. "हे खातो का तो?" त्यांनी विचारलं आणि वाटीतला घास त्याच्यापुढं धरला. तांबूनं वास घेतला आणि शिरस्तेदारांच्या तोंडाकडं बघत बसला.

"आधी आपण खावं लागतं," दुर्गा हळूच म्हणाली.

गल्लीदेखत रावसाहेबांनी घास तोंडात घातला. त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की गंगम्मानं पदराआड हसू दाबलं. तांबूनं मान फिरवली. मग दुर्गानं त्याच वाटीतून घास घेतला. डोळे अजून ओले होते, पण तिनं तो घास सणाच्या दिवशी पुरणपोळी खावी तसा सावकाश, समाधानानं खाल्ला. तांबूनं तिच्याकडं नीट पाहून घेतलं आणि तिच्या डाव्या हातावरचा आपला घास उचलला. पुन्हा तिचा, पुन्हा त्याचा. वाटी संपेपर्यंत पडवीत कुणी हललं नाही. मी तरी उभ्या जन्मात याहून सुंदर पंगत पाहिलेली नाही.

वेणीमाधवराव उठले, चूळ भरली आणि "येतो" एवढंच म्हणून गेले. बायका पांगल्या. गंगम्मा मात्र रेंगाळली.

"वैनी, कुत्र्यापायी सोडलाव व्हय खरंच?"

"व्हय गं. मी सांगितलं होतं की."

गंगम्मानं जरा विचार केला. "कुत्र्यापायी तुमी येवढं करता, मग देशापायी मला का जमंना? माझं काय माघारी घेत न्हाय मी," असं म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून कचेरीत गेलो. साहेब आमच्या खोलीत आला, माझ्या टेबलापाशी थांबला आणि त्यानं शिरस्तेदारांना विचारलं, त्या मिठाच्या प्रकरणाचं काय झालं म्हणून.

"काही नाही, साहेब," वेणीमाधवराव म्हणाले. "यांच्या घरी आजारी माणूस आहे. हृदयाचं दुखणं. त्याला मीठ वर्ज्य, म्हणून यांच्या बाईंनी पथ्य धरलंय. मी स्वतः जाऊन पाहून आलो."

"कोण आजारी आहे?"

वेणीमाधवरावांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "घरातलंच," ते म्हणाले.

साहेबानं मान डोलावली, आजाऱ्याची काळजी घ्या असं मला सांगितलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मी धावतच घरी आलो. दुर्गा पडवीत तांबूला थेंब पाजत होती. मी सगळं सांगितलं आणि हसत म्हणालो, "शिरस्तेदारांसारखा माणूस, पण माझ्यासाठी साहेबापुढं खोटं बोलला बघ."

दुर्गानं तांबूचं तोंड पदरानं पुसलं आणि माझ्याकडं वर पाहिलं.

"यात खोटं काय बोलले ते?" तिनं विचारलं.