अकरा काळ्या कोळंब्या आणि एक बर्फाचा खोका

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे, असं निदान सगळे म्हणतात. आजवर मला इतक्या वेगवेगळ्या कामांना जुंपलं गेलं की माझी स्वतःची खात्री अजून पटलेली नाही.

माझा जन्म तुंगकांग बंदराजवळच्या कारखान्यात झाला. मोहरीएवढे दाणे वाफेवर फुगवून साच्यात दाबले आणि मी तयार झालो. गारवा आत धरायचा, ऊन बाहेर ठेवायचं, एवढंच माझं शिक्षण. पहिल्याच आठवड्यात माझ्यात एका ट्यूना माशाचं डोकं ठेवलं. मासा एवढा मोठा, की त्याची शेपटी चौथ्या खोक्यात होती आणि डोक्याला तिची बातमी दुसऱ्या दिवशी कळली. खोटं वाटत असेल तर त्या माशालाच विचारा.

पुढे मी गुलाबी जवळा वाहू लागलो. खाली बर्फ, वर जवळा, त्यावर झाकण. जवळा बाजारात जातो, तिथून कढईत आणि कढईतून भातावर. कोळंबीच्या खानदानाविषयी माझं ज्ञान एवढंच होतं, आणि ते पुरेसं आहे अशी माझी समजूत होती.

झाकण फुटल्यावर मला फेकून दिलं. तिथून लिम बुनसेंग नावाच्या माणसाने मला फुटक्या झाकणासकट स्कूटरला बांधून घरी नेलं. त्याने माझ्यात माती भरून पातीचा कांदा लावला. म्हणजे मी शेत झालो! वर्षभराने कांदा उपटला, मला सात पाण्यांनी धुतलं, पावसाचं पाणी भरलं आणि त्यात शेवाळाचे झुपके सोडले. मग मला मागच्या अंगणात जंगली बदामाच्या सावलीत ठेवलं. आता मी तळं की कोठार, कोण जाणे.

खिडकीतून मला घरातली काचेची टाकी दिसायची. तिच्यात जिवंत कोळंब्या होत्या! नखाएवढ्या, काळ्या कुळकुळीत, पाठीवर पांढरा पट्टा. पट्टा फिकट असला की बुनसेंग ती कोळंबी बाजूला काढायचा, ठसठशीत असला की वाढीसाठी ठेवायचा. असं त्याने नऊ वर्षं केलं. मी रोज वाट पाहायचो, आता भात शिजेल. छे! हा माणूस उलट त्यांनाच उकडलेला पालक वाढायचा. जवळ्याला जेवू घालणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग एका थंडीत बुनसेंग गेला. मागे राहिली त्याची बायको सिऊखिम आणि चाळीस कोळंब्या.

"तुमच्या मालकाने मला काही म्हणजे काही सांगितलं नाही," ती टाकीशी बोलायची. "पण त्याच्या हातचं एवढंच उरलंय. मरू नका गं बायांनो."

नवं वर्ष तोंडावर आलं होतं. जुन्या वर्षाची घाण घरात ठेवू नये, म्हणून तिथे सगळी घरं घासतात. सिऊखिमने चुलीबरोबर टाकीही घासली. काचेवरचा हिरवा थर निघाला, टाकी आरशासारखी चमकली आणि कोळंब्या मरू लागल्या. त्या हिरव्या थरावरच त्यांचं पोट होतं, हे तिला कसं कळावं?

तिचा भाऊ चिएनफू धावत आला. तोही कोळंब्या पाळायचा आणि दुप्पट बोलायचा.

"ताई, जुनी टाकी मोडीत काढ. खास माती, दिवा, बुडबुड्यांचा स्पंज आणि पाणी गार करणारं यंत्र. राजवाडा बांधून देतो!"

"राजवाड्यात राहून कोण सुखी झालंय?" सिऊखिम म्हणाली, पण तिने बांधू दिला.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. यंत्र थांबलं आणि राजवाड्यातलं पाणी पेजेसारखं तापलं. सिऊखिम जाळी घेऊन घरभर धावली, हंड्यात बोट घाल, बादलीत घाल, सगळीकडे कोमट. शेवटी तिने माझ्यात हात घातला आणि तसाच ठेवला. बर्फ सांभाळणाऱ्याला पाणी सांभाळणं काय अवघड! तिने उरलेल्या कोळंब्या माझ्यात सोडल्या. अकरा. त्यातल्या एकीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस होता.

चिएनफूला तिने सांगितलं, "सगळ्या संपल्या." टोमणे ऐकायची ताकद तिच्यात नव्हती.

महिन्याभरात वस्तीत डेंग्यूचा ताप आला. वस्तीप्रमुख थान दारोदार फिरू लागला. साचलेलं पाणी दिसलं की ओतायचं, असा हुकूम होता. सिऊखिमने माझं फुटकं झाकण उचललं आणि ती पांढरीफटक पडली. माझ्या भिंतीवर तिळाहून बारीक असं काहीतरी वळवळत होतं. एक नाही, पन्नास!

"अळ्या!" ती पुटपुटली. "डासांच्या अळ्या. माझ्याच घरात!"

तेवढ्यात थान आणि चिएनफू अंगणात आले. ती झाकण लावून माझ्यावर बसली.

"वहिनी, उठा बघू," थान म्हणाला.

"गुडघे धरलेत."

"मघाशी तर बाजारात पळत होतात!"

"तेव्हाच धरले."

"ताई, कचऱ्यातला खोका तो, उलथ आणि मोकळी हो," चिएनफू म्हणाला.

सिऊखिमचे डोळे भरले. "ओततेच. शेजारच्या पोरांना ताप आणून मी कोळंब्या सांभाळणार नाही. पण आधी त्या अकरा पकडू दे."

तिने उठून झाकण काढलं आणि कोळंब्या एका कोपऱ्यात गोळा करायला मला एका बाजूने उचललं. पाणी काठाशी आलं. मी धरायला शिकलेलो, सांडायला नव्हे. माझं कोणाला ऐकू येणार?

"थांबा!" थान गुडघ्यांवर बसला आणि नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकला. "वहिनी, तीस वर्षं मी अळ्याच बघतोय. अळी डोकं खाली करून लोंबकळते आणि श्वासाला शेपटी वर आणते. ही तर भिंतीला धरून चरतायत, म्हणजे कोळंबीची पिल्लं. आणि ह्यांच्या पाठीवर पट्टा आहे!"

"पट्टा?" सिऊखिमने मला अलगद खाली ठेवलं.

"आमच्या बुनसेंगचाच. नऊ वर्षं रोज चहाबरोबर ऐकलाय मी तो पट्टा. पण जाळी लावा, नाहीतर उद्या खऱ्या अळ्या होतील."

सिऊखिमने पलंगावरची मच्छरदाणी कापून माझ्या तोंडावर ताणून बांधली. थानने खडूने माझ्या अंगावर लिहिलं, 'पाणी तपासलं. ओतू नये.' चिएनफूने वाकून जाळीतून कोळंब्या मोजल्या. मग हळूच म्हणाला, "ताई, असा खोका कुठे मिळतो गं?"

"कचऱ्यात," ती म्हणाली.

मित्रांनो, मी शेत, तळं की घर, हे मला अजून उमगलेलं नाही. कोळंबी भातावर का पडली नाही, हेही नाही. पण जुनं काही फेकायच्या आधी त्यात हात घालून पाहा. आणि अनोळखी काही हलताना दिसलं, तर ओतण्याआधी जरा गुडघ्यांवर बसा. आमच्या थानचे गुडघे तर खरोखरच धरलेले होते. तरी तो वाकला.