घमेल्याखालचं आकाश

पहिली पसंती: आकाश, म्हणजे उपग्रहाकडून येणारी वेळ.
दुसरी: दौंडहून येणारी केबल.
तिसरी: पेटीतलं स्वतःचं घड्याळ.

न्हावऱ्यात आबांच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याने वेळ कुठून घ्यायची, हा क्रम कंपनीची इंजिनिअर प्रांजल हिने लावलेला. टॉवरांची घड्याळं जुळली नाहीत की फोन तुटतात.

तुटत होते. आबांची नात करिश्मा दौंडला दवाखान्यात, बाळंतपणासाठी. सकाळपासून तिचा फोन येई आणि "आज्जे—" एवढ्यावरच बंद पडे.

प्रांजल शिरूरहून गाडीवर आली. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, आणि मधल्या छोट्या पांढऱ्या अँटेनावर लोखंडी घमेलं पालथं.

"आजी, हे काय?"

"त्याच्यावर कावळं बसत्यात, मग कुरडयांवर उतरत्यात," आबांच्या बायको अनसाबाई म्हणाल्या. "आन् उन्हात करपतंय बिचारं."

"अहो, त्याला आकाश दिसायला पाहिजे!"

"मग तसं सांगायचं व्हतं की. आमी काय, झाकलं मायेनं."

घमेलं निघालं. आकाश परत सापडायला थोडा वेळ लागणार होता. पण दुसरी पसंती का धावली नाही?

(धावली होती.)

पाणी प्यायला प्रांजल खाली आली. चुलीपाशी भाकरी झाकलेली, गार.

"जेवला नाहीत, आबा?"

"ही बसली की बसतो."

"ह्यांनी हाक मारली की वाढते," आतून अनसाबाई.

प्रांजल तांब्या तसाच ठेवून वर पळाली. लॅपटॉप उघडला. दौंडच्या टॉवरची अँटेना वादळात मोडलेली. तोही दुसऱ्या पसंतीवर गेलेला.

दौंडची दुसरी पसंती: न्हावरे.
न्हावऱ्याची दुसरी पसंती: दौंड.

दोघं एकमेकांना वेळ विचारत, एकमेकांवर विश्वास ठेवून, जोडीने भरकटत होते. दोन्हीकडे क्रम तिनेच लावला होता.

~~न्हावरे~~
दौंडची दुसरी पसंती: शिरूर.
न्हावऱ्याला विचारू नये. कधीच.

ती खाली आली, दोन ताटं मांडली. "बसा दोघं. कुणी कुणाला विचारायचं नाही."

फोन वाजला.

"आज्जे, अजून कळा न्हाईत. जेवलात का?"

"ह्यांची वाट—"

"हिची वाट—"

"अजून उपाशी? ह्या वयात? आन् आबा तुमी, साखरेच्या गोळ्या कोन घेनार, म्या?"

करिश्मा बोलत राहिली. फोन काही तुटेना. आबांनी भाकरी मोडली.