वरच्या रांगेतली बटणं

दुकानात त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं की रेडिओ सुरू, तो कापड झटकेपर्यंत बंद व्हायचा नाही. केस ते बरे कापायचे, पण लोक यायचे ते ऐकायला. अशा माणसाच्या घशातच गाठ निघावी, याला काय म्हणावं? डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा बापाच्या अगदी उलटा. एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा, म्हणजे दिवसभर थंडगार खोलीत बसून न बोलणाऱ्या यंत्रांची नाडी बघायचा. लहानपणी त्याच्या वाट्याचंही बापच बोलून टाकायचा. केस कापायला बसवलं की विचारायचा, "बोला साहेब, किती कापू आणि किती ठेवू?" पोरगा तोंड उघडतोय न उघडतोय तोच बाप पोराच्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचा, "कान तेवढे ठेवा!" सगळं दुकान खो खो हसायचं. पोरगा कापडाखाली मुठी आवळून बसायचा. पुढे पुढे त्याने बोलायचा नादच सोडला.

ऑपरेशननंतर मुलाने आपला जुना लॅपटॉप बापाला दिला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता. कल्पना उत्तम, पण लॅपटॉप पार थकलेला. वाक्य लिहून बटण दाबलं की तो विचारात पडायचा आणि बोलायचा तोवर समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा.

एकदा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्याकडे एक अवाढव्य कपाट होतं, त्याचं रडगाणं चाललं होतं. रेडिओंनी झटपट टाइप केलं. तेवढ्यात काकू कपाटावरून नवऱ्याच्या गुडघ्यांवर आल्या. त्यांना उठता येत नाही, बसता येत नाही, असं त्या डोळे पुसत सांगत असताना लॅपटॉपला कंठ फुटला, "विकून टाका. घरात जागा तरी होईल."

काकू चहा अर्धा टाकून गेल्या. रेडिओंनी लॅपटॉप मिटला, तो पुन्हा उघडलाच नाही. दुकानात जायचं नावही काढेनात. भागीदाराने बरेच दिवस त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. शेवटी तो घरी येऊन रेडिओंच्या बायकोला संकोचत म्हणाला, "वहिनी, महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. मी तरी किती दिवस ओढणार?" रेडिओ सगळं ऐकत होते. त्यांनी खांदे उडवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आईने मुलाला फोन केला. म्हणाली, "अरे, आवाज गेला तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. आता हे हातांनीही बोलत नाहीत."

मुलगा सुट्टी टाकून आला. आल्या आल्या लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. दुखणं त्याला कळलं होतं. लॅपटॉपची सगळी ताकद सजावटीत जात होती. सरकणाऱ्या खिडक्या, सावल्या, चित्रं, कोपऱ्यात हवामान. बिचाऱ्याला बोलायला दम उरतच नव्हता. मुलाने ते सगळं काढलं आणि एक हलका विंडो मॅनेजर बसवला. विंडो मॅनेजर म्हणजे पडद्यावर कोणती खिडकी कुठे आणि केवढी उघडायची हे बघणारा कारभारी. हा कारभारी अगदी काटकसरी होता. त्याला ना चित्रं लागत ना माउस, एका साध्या फाइलीत लिहाल तेवढंच तो करायचा. मुलाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही तोच होता. त्याला ती शांतता फार आवडायची.

"झालं," तो म्हणाला.

रेडिओंनी बघितलं तर पडदा काळा ठिक्कर. त्यांनी पाटीवर खडूने लिहिलं, "मेला?"

"मेला नाही, बाबा. रिकामा आहे."

"तुझ्या खोलीसारखा," त्यांनी खाली लिहिलं. मुलगा ओशाळून हसला.

पण खरी करामत बोलण्यात होती. टाइप करून बटण दाबलं की वाक्य तिथल्या तिथे. रेडिओंनी दोन-तीनदा दाबून पाहिलं, भुवया वर गेल्या. मुलाला एकदम उत्साह आला. त्याने ती फाइल उघडून दाखवली. "हे बघा, बटणाचं नाव लिहायचं, पुढे वाक्य. मग ते बटण दाबलं की यंत्र तेच बोलणार. टाइप करायलाच नको. वरच्या रांगेतली बटणं मोकळी आहेत, तुम्हाला लागतील ती वाक्यं मी घालून ठेवतो." आणि त्याने घातली. पहिलं, "मला पाणी हवं आहे." दुसरं, "औषधाची वेळ झाली." तिसरं, "घसा दुखतोय." असं करत करत शेवटचं, "थकलो आहे, जरा पडतो."

आई म्हणाली, "किती रे विचार केलास!"

मुलाने पहिलं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, मला पाणी हवं आहे. रेडिओ मुलाकडे बघत राहिले. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतःच्या हाताने पेलाभर पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर उभं राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. रिकामा पेला टेबलावर ठेवून आत निघून गेले.

मुलाचा चेहरा पडला. एवढं राबून बापाचं दुखणंच काय ते त्याने बटणांवर चढवलं होतं, हे त्याला बसमध्ये बसल्यावर उमगलं. उतरून परत जावं असंही वाटलं. पण जाऊन बोलायचं काय, हे सुचेना, म्हणून तो तसाच गेला.

महिना संपत आला तेव्हा आईचा फोन आला. "यांच्या पडद्यावर लाल पट्टी आलीय, काहीतरी चुकलंय म्हणते. येतोस का?"

"येतो. त्यांना म्हणावं, बंद करू नका."

"मी कशाला म्हणू? हे घरी कुठे आहेत? लॅपटॉप बगलेत मारून दुकानात गेलेत सकाळीच."

मुलाने फोन ठेवून दिला. भर दुकानात यंत्र दगा देणार आणि बाप पुन्हा तोंडघशी पडणार, एवढंच त्याला दिसत होतं. तो धावतपळत पोचला.

दुकान भरलेलं होतं. आरशासमोर, कंगव्यांच्या बरणीशेजारी लॅपटॉप उघडा होता. खुर्चीत गणिताचे सर होते, ज्यांच्या डोक्यावर केसांपेक्षा कपाळच जास्त. रेडिओ कात्री चालवत होते. मुलाला बघून त्यांनी हनुवटीने लाल पट्टीकडे खूण केली.

मुलाने फाइल उघडली. बापाने अक्षरं एवढी मोठी केली होती की पडद्यावर जेमतेम दोन ओळी मावत होत्या. चूक त्या दोनच ओळींत होती. एकाच बटणावर दोन वाक्यं! त्याच्या सगळ्या नोकरीत असली चूक त्याने पाहिली नव्हती. एक वाक्य सर असतानाचं होतं, दुसरं सर नसतानाचं. कारभारी बिचारा गोंधळून गेला होता. मुलाने दुसरं वाक्य शेजारच्या रिकाम्या बटणावर टाकलं. लाल पट्टी गेली. घसा नाही, औषध नाही, पाणी नाही. आपलं एकही वाक्य बापाने ठेवलेलं नसणार, हे तो समजून चुकला.

रेडिओंनी कंगव्याच्या टोकाने एक बटण दाबलं. यंत्र आपल्या सपाट आवाजात म्हणालं, "सर, हलू नका. एखादा कापला गेला तर वजाबाकीत शून्य उरेल."

दुकान हसलं. सर उठले, मान झाडली, दाराशी गेले. उंबऱ्यावर त्यांचा एक पाय आत होता, एक बाहेर, आणि रेडिओंनी बरोबर तेव्हाच शेजारचं बटण दाबलं. "गेले का? आता खरं सांगतो, सरांना कात्री नाही, फडकंच पुरतं." सर गर्रकन वळले आणि पोट धरून हसत सुटले. भागीदाराच्या हातातला वस्तरा थांबला. क्षणाचाही उशीर झाला नव्हता. मुलाला फार बरं वाटलं.

तो निघणार तोच बापाने त्याची कॉलर धरली आणि खुर्ची दाखवली. केस खरंच वाढले होते. तो बसला. गळ्याभोवती कापड आलं. बापाने वरच्या रांगेतलं अगदी शेवटचं बटण दाबलं. तिथे मुलाने स्वतः लिहिलं होतं, थकलो आहे, जरा पडतो.

"बोला साहेब," यंत्र म्हणालं, "किती कापू आणि किती ठेवू?"

मुलगा पुढच्या वाक्याची वाट बघू लागला. ते आलं नाही. आरशात बाप कात्री उचलून उभा होता, आणि त्याचा दुसरा हात बटणांपासून लांब, मुलाच्या खांद्यावर होता. त्याला घाई नव्हती.

मुलाने तोंड उघडलं. आवाज घोगरा आला, पण आला.

"कान तेवढे ठेवा, बाबा."

रेडिओ हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते, म्हणून कात्री खाली ठेवावी लागली.