न जुळलेली भिंत

भिंत पडली आणि ठिपकेवालीचा भाव वधारला. लेझर स्कॅनरने जुने अवशेष टिपायचे आणि कोट्यवधी ठिपक्यांमधून ते संगणकावर उभे करायचे, हे तिचं काम. म्हणून ऑफिसात तिचं हे नाव पडलेलं. शिल्पांची ती भिंत आता फक्त तिच्या संगणकात उरली होती. साहेब येता-जाता शाबासकी देत होते आणि प्रत्येक शाबासकीला तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

ती स्कॅन करायला गेली तेव्हा भिंतीवर वेल माजली होती. सकाळच्या स्कॅनला लेझर पानांवरच अडला. तिथला पहारेकरी तिचा सख्खा मामा. "मामा, एवढी वेल काढून दे ना," ती म्हणाली, आणि भाचीचा शब्द कसा मोडायचा म्हणून मामाने कोयता घेऊन दुपारपर्यंत भिंत लख्ख केली. त्या वेलीच्या मुळांनीच दगड धरून ठेवले होते, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

संध्याकाळचा स्कॅन तिने सकाळच्या स्कॅनशी जुळवायला घेतला. पायऱ्या जुळल्या, खांब जुळले. पानांच्या फटींतून सकाळी टिपलेले भिंतीचे दगड मात्र बोटभर पुढे सरकलेले. तिने खापर स्कॅनरच्या स्टँडवर फोडलं, कुणाचा तरी धक्का लागला असणार म्हणून. स्टँड हलला असता तर सगळंच हललं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. पण घरी जायची घाई होती, आणि बाईंनी ओढूनताणून भिंत जुळवून टाकली.

पंधरवड्याने भिंत कोसळली. मामाने लोकांना वर चढू दिलं, असा ठपका आला. आता त्याची नोकरी जाणार होती.

शेवटी ती लॅपटॉप घेऊन मामाच्या घरी गेली. मामी ताटं वाढत होती.

"चूक माझीच गं," मामा म्हणाला. "दुपारी डोळा लागतो माझा. चढलं असेल कुणीतरी."

"कुणी चढलं नव्हतं, मामा."

तिने दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवून दाखवले, वेलीचं सांगितलं, जुळवाजुळवीचंही सांगितलं. "उद्या साहेबांनाही हेच दाखवणार आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुझी नोकरी जाणार नाही." बोलून टाकल्यावर तिला जरा मोकळं वाटलं.

मामाने लॅपटॉप जवळ ओढला.

"म्हणजे भिंत हलली हे तुला त्याच संध्याकाळी दिसलं होतं."

"हो."

"मी नंतरही रोज तिच्याच सावलीत डबा खात होतो गं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मामीचा हात वाढता वाढता थांबला. भाचीने इतके दिवस स्वतःच्या नावाचा विचार केला होता, मामाच्या नोकरीचा केला होता. मामाचा केलाच नव्हता.