टाकी भरून तोललेलं विमान

विंचूरच्या कांदा बाजारात मी, पुंजाराम, सत्तावीस वर्षं मापारी. पोतं नुसतं उचललं तरी वजन सांगायचो. काट्यावर फरक निघाला तर शप्पथ! पण आमचे जावईबापू गोरक्ष पडले ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. त्यांना सासऱ्याच्या हाताचं काय कौतुक? 'हो मामा, हो मामा' म्हणायचे अन् पुस्तकात डोकं घालायचे.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत लेकीकडं गेलो, तर घरभर लाकडाचा भुसा. जावईबापू जमिनीवरून रेडिओनं उडवायचं लाकडी विमान बांधत होते. इंजिनं दोन आणलेली, एक धाकलं, एक थोरलं.

"मामा, याला धाकलं पुरे."

"ह्यॅ! एवढं मोठं धूड अन् इंजिन सुपारीएवढं? थोरलं लावा."

सासऱ्याचा मान म्हणून लावलं बिचाऱ्यांनी. थोरल्यानं नाक जड झालं. मग तोल साधायचा होता. पंखांखाली दोन बोटं धरली, की विमान आडवं राहिलं पायजे. आता बोला! हे तर माझंच काम. शेपटीत शिशाचे तुकडे घालायला बसलो.

"मामा, टाकी रिकामी ठेवून तोलायचं असतं."

मी भडकलोच. "रिकामं पोतं कुणी तोलतं का? माल भरल्यावर माप!"

टाकी नाकाजवळ. ती तेलानं भरली तसं नाक आणखी जड झालं, म्हणून शेपटीत आणखी शिसं घातलं. विमान बोटांवर असं झकास राहिलं, की आमची लेक मैना टाळ्या वाजवायला लागली. जावईबापूंनी पुस्तक मिटलं. मला लय बरं वाटलं.

रविवारी माळावर निम्मी कॉलनी जमली. जावयासोबत कामाला असलेला आमच्या विंचूरचा लहानूही आला होता. विमान उडालं! दोन घिरट्या, तीन घिरट्या, लय देखणं. पण तेल जळत गेलं तसं नाक हलकं झालं, अन् शेपटीतलं शिसं होतं तेवढंच. विमानानं नाक वर काढलं, काढतच गेलं. जावईबापूंनी हातातल्या रेडिओच्या डब्याच्या काड्या किती ओढल्या, ढकलल्या, पण छे! जागच्या जागी थबकलं अन् दाणकन आपटलं. पार चुराडा.

"टाकी भरून तोललं होतं का काय?" लहानूनं विचारलं. "कुणी तोललं?"

मला दरदरून घाम फुटला. याला कळलं म्हणजे उद्या अख्ख्या बाजाराला कळणार.

"मीच," जावईबापू माझ्याकडं न बघता म्हणाले. "चुकलं माझं."

सगळे फिदीफिदी हसले. फिटर म्हणे अन् एवढं कळंना! चार महिने राबलेला माणूस कान लाल करून तुकडे वेचत होता. मी पुढं झालो.

"ए, दात काढू नका!" मी ओरडलो. "माप माझं चुकलं. हे सांगत होते, मीच ऐकलं नाय."

लहानूचे डोळे चमकले. "पुंजाराम मापाऱ्याचं माप चुकलं? बाजारात सांगू का, तात्या?"

"सांग की! नाव घेऊन सांग, काट्याजवळ उभा राहून सांग. पण माझ्या जावयाला हसलास, तर तंगडं मोडीन!"