मधल्या रॅकमधला डबा

बायकोच्या छातीत गाठ आहे, हे दादाला एका चूर्ण विकणाऱ्याकडून कळलं.

वहिनी अंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजला म्हणून त्याने उचलला. पलीकडून मधाळ आवाज आला, "ताईंना सांगा, घाबरायचं नाही. छातीतली गाठ आपोआप विरघळते. कापाकापी कशाला?" वहिनी केस पुसत बाहेर आली, तेव्हा दादा पांढराफटक पडला होता.

तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी तपासून घ्यावं, मग बोलावं, असं तिच्या मनात होतं. घरच्या वायफायवर स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णालयाची साइट तेवढी दोनतीनदा उघडली होती. इंटरनेटचं कनेक्शन तिच्याच नावावर आणि तिच्याच नंबरवर होतं. ते घ्यायला लावलं होतं नणंदेने, म्हणजे चिमीने. चिमी त्याच कंपनीत इंजिनियर होती.

"चिमे, खरं सांग. तू बघितलंस माझं?"

"वहिनी, शप्पथ! मी कशाला बघू?"

"मग त्या मेल्याला कसं कळलं? मी अजून नवऱ्याला बोलले नव्हते गं."



दुसऱ्या दिवशी चिमी कामावर गेली ती थेट गेटवेच्या खोलीत. शहरातल्या सगळ्या ग्राहकांचं इंटरनेट या खोलीतून पुढे दूरच्या डेटा सेंटरांकडे जाई. साइटवर कोण काय वाचतंय ते इथे दिसत नसे. पण कुठल्या घराने कुठल्या साइटचं दार वाजवलं, एवढं नक्की कळे. तिने वहिनीच्या घरापासूनची वाट तपासली. ती गेटवेतून सरळ बाहेर पडायला हवी होती, पण मध्येच एक फाटा फुटला होता. उघडलेल्या प्रत्येक साइटच्या पत्त्याची एक प्रत मधल्या रॅकमधल्या काळ्या डब्यात जात होती, आणि तिथून ग्राहकाच्या नंबरासकट एका जाहिरात कंपनीकडे. अशाच याद्या चूर्णवाले विकत घेत. हा डबा वेग मोजायला बसवलाय, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

तिने डब्याचं विचारलं तेव्हा साहेब टेबलाशी उकडलेली अंडी सोलत बसले होते.

"हो, मग?" ते तोंडात घास ठेवूनच म्हणाले. "आतलं पत्र कोण वाचतंय? पाकिटावरचा पत्ता तर पोस्टमनलाही दिसतो."

"पोस्टमन ते पत्ते विकत नाही, सर."

साहेब खदाखदा हसले. पिवळा बलक दातांत अडकला होता. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "अगं, गंमत तर बघ. या एका इमारतीत तिघं घटस्फोटाचे वकील शोधतायत. आणि हा तळमजल्यावरचा, टक्कल पडलंय बिचाऱ्याला!"

वहिनीलाही यांनी असंच चघळलं असणार, अंडं खाता खाता. चिमी उठली, गेटवेच्या खोलीत गेली आणि डब्याची केबल उपसून काढली.

साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. शेजारच्या सहकाऱ्याला नुसती मान हलवून खूण केली. रोज चिमीबरोबर चहा पिणारा तो माणूस खाली बघत आला आणि केबल परत लावून गेला. तिला साहेबांपेक्षा त्याचीच जास्त शिसारी आली. त्याच दिवशी तिने राजीनामा दिला.

सरकारी कार्यालयात तक्रार करायची, तर ज्याला झळ बसली त्या ग्राहकाने बोलायला हवं होतं.

"म्हणजे माझी गाठ आणखी चार परक्यांनी चिवडायची?" वहिनी म्हणाली. तिने ओढणी खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "चल. नाहीतरी आता लपवायला उरलंय काय?"

गाठ साधीच निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे चौकशी झाली आणि डबा काढून टाकला गेला. साहेबांना काही झालं नाही. त्यांना कंपनीच्या मोठ्या डेटा सेंटरवर प्रमुख म्हणून पाठवलं. सगळ्या ग्राहकांना मात्र गुलाबाच्या चित्रासह संदेश आला: 'तुमचा विश्वास हीच आमची संपत्ती.'

"शी!" म्हणत वहिनीने तो पुसून टाकला.

दादा अजून घुश्श्यातच होता. "मला तू सांगायला हवं होतंस," तो पुन्हा म्हणाला.

"सांगणारच होते रे," वहिनी म्हणाली. "त्या लोकांनी तेवढंही माझ्या हातात ठेवलं नाही."